पालखीपुढची चार वाक्यं

प्रिय दादा,

तुला जाऊन सव्वा महिना झाला. या सव्वा महिन्यात मी तुझ्यासाठी पोटभर रडले. दहाव्याला कावळा शिवला तेव्हा सगळ्यांसारखे हात जोडले. वहिनीजवळ आठ दिवस राहिले. पण तुला पत्र लिहावं असं एकदाही मनात आलं नाही. आपण कधी एकमेकांना पत्र लिहिलंय? तू वडूजला मास्तर, मी इकडं कवठे महांकाळला गिरणीवाली. काही असलं की फोन करायचा, नाहीतर सरळ एसटीत बसायचं.

आज लिहितेय, कारण परवा तुझ्या शोकसभेत मला एक गोष्ट कळली. कुणी चुगली केली नाही. माईकवरून, भरल्या सभेत, तुझं कौतुक म्हणून सांगितली. लोक माना डोलवत होते आणि मी तुझ्या हार घातलेल्या फोटोकडं बघत बसले होते.

भांडायला समोर माणूस लागतो रे! तू निघून गेलास. आता हे भांडण मी कुणाच्या दारात घेऊन जाऊ?

म्हणून सकाळपासून गिरणी बंद ठेवलीय. बायका ज्वारीचे डबे ठेवून गेल्यात, संध्याकाळी या म्हटलंय. तुझे दाजी एकदा डोकावून गेले. "काय लिवतीयास?" म्हणाले. "दादाला," म्हटलं. चहाचा कप ठेवला आणि गेले.

तुला जत्रेतली नाटकं आठवतात? तू नुकता कॉलेजात गेला होतास, मी आठवी सोडून आबांच्या मेंढरांमागं जात होते. तू पाठांतराला माळावर यायचास. वही माझ्या हातात. तू राजा झालास की राणीची वाक्यं मी म्हणायची, तू गुन्हेगार झालास की फौजदार मी. वाऱ्यावर आवाज पोचायला पाहिजे म्हणून तू मला लांब, पार त्या बाभळीपाशी उभं करायचास.

"सुने, मोठ्यानं! ऐकू येत न्हाई!"

मी ओरडायची. मेंढरं दचकून बघायची आणि तू पोट धरून हसायचास.

सगळ्या बायकांची कामं मला तोंडपाठ. आणि जत्रेच्या दिवशी मिरजेहून ठरवून आणलेली बाई यायची, पावडर लावून स्टेजवर उभी राहायची, नि मी आईशेजारी पोत्यावर बसून बघायची. एका वर्षी मी तुला विचारलंच. "दादा, परक्या बाईला आणतोस. मला का न्हाई?"

"आबा जीव घेतील माझा," तू म्हणालास. "पर तुला सांगतो सुने, एक दिवस तुला लय मोठ्या स्टेजवर उभी करतो का न्हाई बघ!"

मी पंधरा वर्षांची होते. मला ते खरं वाटलं. त्यात तुझी चूक नाही, तूही ते खरंच म्हणाला होतास.

मग तू साताऱ्याला डीएडला गेलास. दिवाळीला आलास तर बोलणंच वेगळं. 'हाय'चं 'आहे' झालेलं, 'न्हाई'चं 'नाही'. आई हसली, म्हणाली, "पावनं आल्यात जनू." तू चिडून जेवणावरून उठलास. दुसऱ्या दिवशी मेंढरांच्या वाड्यामागं मला सांगितलंस की पहिल्याच पाठाला तू 'आमी हितं बसतो' म्हणालास, अख्खा वर्ग हसला आणि सरांनी तुला ते वाक्य फळ्यावर पाच वेळा लिहायला लावलं. सांगताना तू पायानं माती उकरत होतास. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. मला इतका राग आला होता त्या सरांचा!

तेव्हापासून तू शाळेत एक बोलायचास नि घरात एक. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. नोकरीची भाषा वेगळी, घरची वेगळी, असंच मी समजत आले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तुझा फोन आला. तू निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. आवाज असा की मला वाटलं घरात पाळणा हलला.

"सुने, साताऱ्यात महानाट्य होतंय! दीडशे माणसं, घोडे, उंट, तीन मजली किल्ला. नंतर सांगलीला. मला सहायक दिग्दर्शक म्हणून घेतलंय. स्थानिक कलाकार मी निवडायचे. तू ये."

"आता? साठीला आली मी."

"म्हातारीचंच काम हाय," तू म्हणालास. घरातल्या बोलीत म्हणालास, माझ्या लक्षात आहे.

दाजी म्हणाले, "जा. म्हैनाभर गिरनी मी बघतो. पर पीठ जाडं आलं तर बायका मला शिव्या घालतील, ते तू निस्तर."

मी आले. साताऱ्याच्या त्या मैदानावर पहिल्यांदा किल्ल्याचा सांगाडा बघितला. लोखंडी पाइप, प्लायवूड, त्यावर रंगवलेले दगड. लांबून खरेच वाटायचे. गोष्ट तुला सांगायला नको, पण मी सांगते, मला सांगायला आवडतं. जुन्या काळातला दुष्काळ. राणी पालखीतून गावागावानं फिरते. सगळे मुजरे करतात. आणि एका गावात एक बाई पालखी अडवते. तिला नाव नाही. कागदावर 'दुष्काळी स्त्री' एवढंच. चार वाक्यं बोलायची. त्यानंतर राणी पालखीतून उतरते आणि कोठारं उघडायचा हुकूम सोडते. म्हणजे चार वाक्यांची बाई, पण तिच्यावर सगळं फिरतं!

निवडीच्या दिवशी पुण्याहून आलेले दिग्दर्शक खुर्चीत बसून मोबाईल बघत होते. माझ्या आधीच्या सहा बायकांना त्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मी तोंड उघडलं आणि त्यांनी मोबाईल खाली ठेवला.

"हा आवाज कुठून आणला?"

"गिरणीतनं," मी म्हटलं. "पट्टा सुरू असला की गिऱ्हाइकाला हे असंच बोलावं लागतं."

ते हसले. म्हणाले, "कागदावरची भाषा सोडा. तुमच्या गावात बाई कशी म्हणेल, तसं म्हणा."

मी म्हटलं, "थांबा राणीसायेब. पालखी खाली ठिवा. आदी आमच्या चुलीत बघा, मग आमच्या तोंडाकडं बघा. माझ्या लेकरानं तीन दिस झालं भाकर मागायचीबी सोडून दिलीया."

मांडवात सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. तू लांब खांबाला टेकून उभा होतास. मी तुझ्याकडं बघितलं, तू मान खाली घातली होतीस. मला वाटलं, तुझे डोळे भरलेत. मी तर तसंच समजून चालले होते रे, परवापर्यंत!

महानाट्यात मैदानावर कुणी खरं बोलत नाही, हे मला तिथं कळलं. मैदान एवढं मोठं, घोडे पळतात, वारा असतो. म्हणून सगळे संवाद आधी रेकॉर्ड करायचे, प्रयोगात ते भोंग्यातून वाजतात आणि आपण नुसते ओठ जुळवायचे. मला जरा खट्टू वाटलं होतं. पण तू समजावलंस, "आवाज तुझाच असणार ना? आज रेकॉर्ड केला काय नि प्रयोगात बोललीस काय."

साताऱ्यात त्या काचेच्या खोलीत मला नेलंस. कानाला हेडफोन लावला. ध्वनीचं काम बघणारा अमोल काचेपलीकडं. तिसऱ्या वेळेला मी 'लेकरानं' म्हटलं आणि अमोलनं अंगठा वर केला. वडूजला परत येताना एसटीत तू मला स्टँडवरची भजी घेऊन दिलीस. "झकास झालं," म्हणालास. खिडकीबाहेर बघत म्हणालास.

पहिला प्रयोग. मैदान भरलेलं. पुढं वहिनी, तुझी लेक, जावई, सगळे. मला फाटकं लुगडं, तोंडाला राख. माझ्या हाताला एक मुलगी धरलेली, ती सहावीतली, तिला शिंक येत होती आणि ती नाक दाबून उभी होती. पालखी आली. पुढचा भोई कुंडलचा पैलवान गडी, त्याच्या खांद्यापुढं मी चिमणीएवढी दिसत असणार. मी आडवी झाले. दोन्ही हात पसरले. तोंड उघडलं.

आणि भोंग्यातून भलत्याच बाईचा आवाज आला.

"थांबा राणीसाहेब! पालखी खाली ठेवा. आधी आमच्या चुलीकडे पाहा, मग आमच्या चेहऱ्याकडे पाहा. माझ्या लेकरानं तीन दिवसांपासून भाकरी मागणंसुद्धा सोडून दिलं आहे!"

गोड आवाज. रेडिओवर असतो तसा. दादा, मला सांगता येत नाही काय झालं ते. माझं तोंड 'ठिवा' म्हणून मिटलं होतं आणि वरून 'ठेवा' वाजत होतं. माझं वाक्य संपलं तरी तिचं चाललेलंच. मी तोंड उघडं ठेवून तशीच उभी. असं वाटलं की सगळ्या मैदानासमोर कुणी माझ्या अंगावरचं वस्त्र ओढलं.

पैलवानानं खालच्या आवाजात विचारलं, "आक्का, ह्यो कुनाचा आवाज?"

प्रसंग संपताच मी निघाले.

विंगेत तू उभा होतास. मी तुझ्याकडं धावत आले. "दादा, माझं कुठं गेलं?" एवढंच विचारलं. तू माझे दोन्ही खांदे धरलेस.

"मलापन आत्ताच कळलं गं. त्यांनी परस्पर बदललं. पुण्याची कुणी आहे. मी लय भांडलो, सुने. दिग्दर्शक ऐकंनात. म्हणाले, गावरान आवाज चालत न्हाई."

तू 'लय भांडलो' म्हणालास. आत्ताच कळलं असेल, तर भांडलास कधी? एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. कारण तू माझा दादा होतास.

मी त्या क्षणी निघून जाणार होते. राख पुसली होती, पिशवी उचलली होती. तू हात जोडलेस! सख्ख्या धाकट्या बहिणीपुढं हात जोडलेस आणि म्हणालास, "तू गेलीस तर म्हणतील, मास्तराला स्वतःची बहीण सांभाळता येईना. माझ्यासाठी कर."

तुझ्यासाठी केलं मी ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला तुझ्या जुन्या शाळेच्या वर्गात नेलंस, रविवार होता. मोबाईलवर त्या बाईचा आवाज लावलास आणि मला ओठ जुळवायला शिकवलंस. पहिलीच्या पोरीला शिकवावं तसं. "सोडून दिलं... आ... हे. तोंड मोठं उघड. आ. हे." मी 'दिलीया' म्हणायला गेले की तू मोबाईल थांबवायचास. किती वेळा थांबवलास! तुझ्याच सरांनी तुला फळ्यावर लिहायला लावलं होतं ना रे? त्या वर्गात उभं राहून तुला एकदासुद्धा ते आठवलं नाही?

साताऱ्याचे सगळे प्रयोग मी तसे केले. हळूहळू जमायला लागलं. ती बाई श्वास कुठं घेते, तेसुद्धा मला पाठ झालं. टाळ्या पडायच्या. मी विंगेत येऊन पाणी प्यायची आणि राख पुसायची.

पण सांगली! सांगलीला माझी माणसं येणार होती. दाजींनी टेम्पो ठरवला. गिरणीवर येणाऱ्या पंधरा-वीस बायका, नव्या साड्या नेसून, भाकरी बांधून आल्या. मी तुला म्हटलं होतं, "दादा, एक प्रयोग तरी माझा आवाज लावायला सांग. माझी माणसं येणार हाईत." तू म्हणालास, "बोलतो." दुसऱ्या दिवशी म्हणालास, "बोललो. नाही म्हणाले."

प्रयोग झाला. बायका मागच्या बाजूला मला भेटायला आल्या. कुणी गालावरची राख पुसली, कुणी फोटो काढले. "सुनंदाताई, माइकात तुमचा आवाज किती गोड झालाय ओ! वळखू बी येत न्हाई!" मी हसले. काय करणार?

त्यांच्यात धोंडाक्का होती. तुला माहीत आहे ती, डोळ्यांनी अधू, नातवाचा हात धरून दळण घेऊन येते. ती घोळक्याबाहेर उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "सुनंदे, तू कवा बोललीस गं? मी वाट बघत बसले."

"बोलले की आक्का. पालखी अडवली ती मीच."

"न्हाई," ती म्हणाली. "मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय. ती तू नव्हतीस."

त्या दिवशी मी तुझ्याशी बोलायचं बंद केलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही. मी तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि त्या पुण्याच्या माणसाला शिव्या दिल्या. बिचाऱ्याला! तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. "जाऊ दे सुने, मोठी माणसं अशीच असतात," म्हणत होतास. दादा, कसं म्हणवलं तुला?

त्यानंतर दोन वर्षं मी त्या दिग्दर्शकाचं नाव निघालं की तोंड फिरवत आले. तू प्रत्येक भाऊबीजेला समोर बसून हे बघितलंस. गेल्या भाऊबीजेला मी म्हटलं, "तो माणूस भेटला तर तोंडावर बोलीन." तू करंजी मोडलीस आणि "सोड आता," म्हणालास. सांगायला किती वेळ लागला असता? ताटावर बसलेला होतास, माझं ओवाळून झालं होतं, घरात आपण दोघंच होतो.

आता परवाचं ऐक.

तुझ्याच शाळेचा हॉल. माजी विद्यार्थी, मास्तर लोक, नाटकातली बरीच मंडळी. अध्यक्षांनी मला पहिल्या ओळीत बसवलं, वहिनीशेजारी. बोलायच्या यादीत शेवटून दुसरं माझं नाव होतं. माझ्या आधी अमोल उठला. चांगला मुलगा आहे. तुझ्यावर जीव होता त्याचा.

तो म्हणाला, "सरांची नाटकावरची निष्ठा किती होती, एक प्रसंग सांगतो. सुनंदाताई इथं बसल्यात. त्यांची चार वाक्यं आम्ही रेकॉर्ड केली. दिग्दर्शकांना ती फार आवडली होती. बाकी सगळं पुण्यात नव्यानं डब केलं तरी हा आवाज असाच ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सर स्वतः स्टुडिओत आले. म्हणाले, 'बदला. माझी बहीण आहे म्हणून सूट नको. ती गावरान बोलते, लोक हसतील, प्रसंगाचं वजन जाईल.' दिग्दर्शकांनी दोनदा विचारलं. सर ठाम राहिले. सख्ख्या बहिणीलासुद्धा त्यांनी सवलत दिली नाही. असा माणूस होता!"

मागून कुणी तरी "वा!" म्हणालं. शोकसभेत!

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिला नीट कळलं नव्हतं, ती पदरानं डोळे पुसत होती, ऐकायला तिला हल्ली कमीच येतं. आणि अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं.

मी माईकपुढं गेले. समोर तुझा फोटो, तोच, सहायक दिग्दर्शक झालास तेव्हा काढलेला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात चालू माईक होता रे. भोंग्यातून माझाच आवाज येणार होता. आणि मला बोलायचं होतं तुझ्याबद्दल!

काय बोलले ठाऊक आहे? "दादा लय हुशार हुता. मला लिहायला-वाचायला त्यानंच शिकवलं. शाळा सुटल्यावरसुद्धा." एवढंच. ते खरं आहे. मग मी माईकपासून मागं झाले, आणि लोकांना वाटलं, दुःखानं.

'लोक हसतील.' हे मला कळतं दादा, अगदी नीट कळतं. वर्ग तुझ्यावर हसला होता, ते हसू तू चाळीस वर्षं कानात घेऊन फिरलास. मी मैदानावर तोंड उघडलं असतं तर ते माझ्यावर नाही, तुझ्यावर हसतील असं तुला वाटलं. पोस्टरवर तुझं नाव होतं. मास्तरांची बहीण अशी बोलते! एवढ्याचसाठी ना? पण त्या दिवशी मांडवात कुणी हसलं होतं का? तू तिथंच उभा होतास. कुणीसुद्धा हसलं नाही.

बरं, बदललंस तर बदललंस. येऊन सांगितलं असतंस, "सुने, मला लाज वाटली." मी दोन शिव्या दिल्या असत्या, चार दिवस जेवले नसते, आणि मग तुझ्या लाजेसाठीसुद्धा ओठ हलवले असते. तेवढी माया होती माझी. पण तू दुसऱ्याच्या गळ्यात घातलंस आणि स्वतः भांडणारा भाऊ झालास. माझे आभारसुद्धा घेतलेस! सांगलीहून निघताना मी तुझ्या पाया पडले होते, आठवतंय? "कुणीतरी माझ्या बाजूनं उभं राहिलं," असं म्हणाले होते. पाया पडू दिलंस तू मला.

हे मला सहन होत नाही. आवाज गेल्याचं एवढं नाही. हे.

सभेनंतर अमोल भेटला. त्याला काहीच कल्पना नव्हती. मी विचारलं, "माझी ती गाळलेली वाक्यं तरी अजून आहेत का तुझ्याकडं?" तो म्हणाला, "नाही ताई. प्रयोग संपल्यावर जागा मोकळी करायला पुसून टाकली." मी "बरं" म्हटलं. मग तो म्हणाला की उन्हाळ्यात सांगलीला पुन्हा एक प्रयोग करायचं चाललंय, तुझ्या स्मरणार्थ, आणि सगळ्यांची इच्छा आहे की दुष्काळी स्त्री मीच करावी. ट्रॅक तयार आहेच, म्हणाला.

मी नाही म्हटलं. "सरांसाठी तरी," तो म्हणाला. "सरांसाठी एकदा झालं माझं करून," मी म्हटलं. त्याला ते लागलं असेल. लागू दे. त्या दिग्दर्शकांचा नंबर मात्र मी त्याच्याकडून घेतला आणि काल फोन केला. दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्यात, माफी मागायला नको? त्यांना आधी मी कोण तेच आठवेना. मग एकदम म्हणाले, "अरे, गिरणीवाल्या बाई!" मी "चुकलं माझं" म्हटलं, ते "कशाबद्दल?" म्हणाले, मी फोन ठेवला.

आता वहिनीचं सांगते, आणि थांबते.

सभेच्या दिवशी मी तिच्याजवळच राहिले. काल सकाळी ती चुलीपाशी बसली होती. गॅस असून अजून आंघोळीचं पाणी तिथंच तापवते. मला म्हणाली, "वन्सं, एक सांगू? तुमच्यापायी ह्यांनी लय वाईटपना घेतला त्या नाटकवाल्यांचा. तुमचा आवाज बदलला म्हनून दोन दिवस जेवलं न्हाईत. मला म्हनले, माझ्या बहिनीवर अन्याव झाला. म्हनून तर पुढच्या नाटकाला ह्यांना घेतलं न्हाई त्यांनी. बहिनीसाठी एवढं कोन करतंय?"

म्हणजे तिलासुद्धा तेच सांगितलंस. आणि ती ते धरून बसलीय, दादा. तिच्याजवळ तुझी जी काही शिल्लक आहे, त्यातलं हे सगळ्यात चांगलं आहे. पाण्यावर झाकण ठेवताना तिचा चेहरा उजळला होता सांगताना.

माझ्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. मी लाकूड आत सारलं आणि उठले.

तर एवढा शब्द देते तुला. वहिनी असेपर्यंत हे तिच्या कानावर जाणार नाही. अमोललाही मी फोन करून तसं सांगितलंय. पण ती म्हणाली ना, "ह्यांनी तुमच्यासाठी भांडण केलं," तर मी "हो" म्हणणार नाही. कधीच नाही. मी गप्प बसेन आणि दुसरं काम हातात घेईन. तुझ्यासाठी याहून जास्त माझ्याच्यानं होणार नाही, आणि याहून कमी मी करणार नाही.

बाहेर बायका आल्यात डबे न्यायला, दळण अजून तसंच आहे. उठते.

तुझी,
सुनी